हरणाऱ्याचा एक गुण

"दोन्ही हात सावकाश वर करा," मी म्हणाले. माझ्या पेशंट आजोबांनी हात डोक्याकडे नेलेच नाहीत. हनुवटी छातीत खोचली, खांदे पुढे घेतले आणि मुठी गालांपाशी आणल्या. उजवी मूठ बरोबर जागेवर बसली. पक्षाघाताने लुळी पडलेली डावी कोपरापर्यंत कशीबशी आली, थरथरली आणि घसरली. मग त्यांनी उजव्या हाताने डावं मनगट धरलं, मूठ परत गालापाशी आणून ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. फिजिओथेरपीत खांद्याची हालचाल मोजायची एक ठरलेली पद्धत असते, कागदावर अंश लिहायचे असतात. मी पेन हातात धरून नुसती उभी होते. आजोबा म्हणाले, "रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स. जर्मनीत होतो, सक्तीच्या भरतीतली दोन वर्षं. बटालियनच्या टीममध्ये बॉक्सिंग खेळायचो." मग थोडं थांबून म्हणाले, की एक मोठी मॅच झाली होती. हॉल आठवतो, रिंगच्या कॅनव्हासवर टाकलेल्या राळेचा वास आठवतो, मानेवर पिळलेल्या स्पंजचं गार पाणी आठवतं. जिंकलो की हरलो, तेवढं आठवत नाही. "पोरी, तुला शोधता येईल का?"

वेल्समधल्या रेक्समच्या आसपास राहणाऱ्या माणसाला ही पलटण टाळता येत नाही. गावात तिचं स्मारक आहे, सेंट जाइल्सच्या चर्चमध्ये तिचे जुने झेंडे विरत चाललेत, हायटाउनच्या बराकी अजून उभ्या आहेत. इथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना दर दोन वाक्यांआड कुणाचा तरी बाप, काका, आजा तिच्यात असतो. मी इतकी वर्षं हे सगळं ऐकत आले होते आणि कधी चौकशी केली नव्हती. आजोबांचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. माझ्या कामात विसरलेली माणसं रोज भेटतात. सकाळी काय खाल्लं ते विसरतात, मुलाचं नाव विसरतात. पण हे विसरणं मला वेगळं वाटलं. ज्या गोष्टीसाठी माणूस महिनोन् महिने पहाटे उठून धावला, जिच्यासाठी तोंडावर मार खाल्ला, तिचा निकालच गळून जावा आणि स्पंजाचं पाणी तेवढं उरावं! आणि दुसरं कारण असं, की त्यांच्या मुठी बघताना मला माझा मामा दिसला होता.

मामा खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये होता. हवालदार होऊन निवृत्त झाला. त्याचं नाक मधोमध बसलेलं होतं. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. दुपारी तो झोपला की आम्ही मुलं ती शिट्टी ऐकत बसायचो. आजीला त्या नाकाचं दुःख शेवटपर्यंत होतं. तिच्या मते, कुस्ती खेळला असता तर फार तर कान मोडला असता, आणि मोडलेल्या कानाला गावात मान होता. मामाला मात्र कुस्तीपेक्षा बॉक्सिंग प्रिय, आणि त्याचं कारण तो सांगायचा ते मला लहानपणी अजिबात पटायचं नाही. जत्रेतल्या कुस्तीला हलगी कडाडते, लोक फेटे उडवतात, वस्ताद आखाड्याच्या कडेवरून ओरडून डाव सांगतात. पलटणीच्या बॉक्सिंगला राउंड चालू असताना कुणी आवाज करायचा नाही. टाळ्या वाजवायच्या त्या मधल्या एका मिनिटात. साहेबलोक पुढच्या खुर्च्यांवर, मागे जवान, आणि सगळा हॉल चिडीचूप. "स्वतःचा श्वास ऐकू येतो," मामा म्हणायचा. "समोरच्याचा पण."

आणखी एक गोष्ट तो सांगायचा. पलटणीच्या सामन्यात जिंकणाऱ्याला दोन गुण मिळतात आणि हरणाऱ्याला एक. रिंगमध्ये उतरलास, लढलास, की तो एक गुण तुझ्या कंपनीचा. एखाद्या वजनी गटात माणूसच नसेल तर शून्य. म्हणून प्रत्येक कंपनीत असे काही जण असायचे, की जे जिंकणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असायचं, त्यांना स्वतःलाही, पण वजनाच्या काट्यावर ते त्या गटात बसायचे आणि एका गुणासाठी आत जायचे. मामा त्यांतला होता का, हे मी कधी विचारलं नाही. तो जिंकल्याची एकही गोष्ट त्याने आम्हाला सांगितलेली नाही, एवढं खरं.

ही सगळी रीत खडकीला आली कुठून, ते सांगायला नको. पण प्रत्यक्ष त्या उगमाशी, वेल्समधल्या एका किल्ल्यातल्या पलटणीच्या कागदांपुढे जाऊन बसेन, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. रेजिमेंटचं संग्रहालय कार्नार्व्हनच्या किल्ल्यात आहे. दगडी जिने, समुद्राकडून येणारा वारा, आणि आत काचेमागे पदकं. मला हवी होती ती पलटणीची जुनी नियतकालिकं. त्यांची बांधीव बाडं समोर आली की आधी वास येतो, जुन्या सरसाचा आणि ओलसर कापडाचा. मग एक अख्खं गाव उलगडत जातं. पलटणीच्या बोकडाची तब्येत, रग्बीचे निकाल, कुणाला मुलगी झाली, कुणाची बदली, सार्जंट मेसमधल्या नाचाचं वर्णन, आणि मध्येच बॉक्सिंग. वजनी गट, दोन नावं, निकाल. एकेका लढतीला एकेक ओळ, फार तर दोन. जिंकणाऱ्याचं नाव आधी. हरणाऱ्यासाठी ठरलेली शब्दसंपत्ती: चिवट, शेवटपर्यंत उभा राहिला, धाडसी. वाचता वाचता मला ही विशेषणं ओळखीची झाली. 'धाडसी' लिहिलं असेल तर बिचाऱ्याला फार मार बसला होता, असं समजायचं. 'शेवटपर्यंत उभा राहिला' म्हणजे बाकी काही जमलं नाही.

आजोबांचं वर्ष सापडायच्या आधी मला जॉनी बॅशम भेटला.

या रेजिमेंटच्या बॉक्सिंगचा शोध कुठूनही सुरू करा, वाट बॅशमपाशी येते. न्यूपोर्टचा मुलगा, पलटणीत भरती झाला, सार्जंट झाला आणि वेल्टरवेट गटात ब्रिटनचा विजेता झाला. ब्रिटनच्या विजेत्याला मिळणारा लॉन्सडेल बेल्ट तेव्हा तीनदा जिंकला की तो कायमचा आपल्याकडे राहायचा. वेल्टरवेटमध्ये असा बेल्ट घरी नेणारा बॅशम पहिला, साल १९१६. फोटोत तो बेल्ट कमरेला लावून उभा आहे. सोन्याच्या जड पट्ट्या, मधोमध मिनाकाम. मी मात्र त्याच्या हातांकडे बघत होते. बहुतेक बॉक्सर फोटोसाठी दंड फुगवतात, मुठी वळतात. बॅशमचे हात सैल आहेत. चेहरा तर हसरा, खोडकर म्हणावा असा. असा चेहरा बघितला की मनात पहिल्यांदा माया उत्पन्न होते, आणि मला वाटतं, त्याच्या काळच्या प्रेक्षकांचंही तेच झालं असणार. त्या वेळी हुद्दा हीच बॉक्सरची जाहिरात असे. 'गनर' मॉइर, 'बॉम्बार्डियर' बिली वेल्स, तसा हा 'सार्जंट' बॅशम. वेल्सचं तर नाव घडलं ते आपल्याकडे, रावळपिंडीच्या छावणीत. तोफखान्यातला तो उंच पोरगा तिथल्या सामन्यांत चमकला, १९१० मध्ये पैसे भरून सैन्यातून सुटला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनचा हेवीवेट विजेता झाला. नोकरी सुटली, पण 'बॉम्बार्डियर' हा हुद्दा त्याला जन्मभर चिकटला.

बॅशमने पहिल्यांदा किताब जिंकला ती तारीख १४ डिसेंबर १९१४. स्थळ लंडनचं नॅशनल स्पोर्टिंग क्लब, कॉव्हेंट गार्डनमध्ये. प्रतिस्पर्धी जॉनी समर्स. नवव्या फेरीत निकाल लागला. या क्लबाची रीत प्रसिद्ध आहे: सभासद जेवणाच्या काळ्या पोशाखात, सिगारचा धूर, आणि फेरी चालू असताना संपूर्ण शांतता. मामाच्या हॉलमधली शांतता ती हीच. मी तारीख वहीत लिहिली आणि सवयीने शेजारी लिहायला लागले की त्या दिवशी पलटण कुठे होती. पहिली बटालियन ऑक्टोबरात बेल्जियममधल्या इप्रसच्या लढाईत सापडली आणि महिना संपायच्या आत जवळजवळ उरलीच नाही. दुसरी बटालियन फ्रान्सच्या सीमेवर, आर्मांतिएरजवळ, चिखलाने भरलेल्या खंदकांत. अकरा दिवसांनी नाताळ येणार होता आणि समोरच्या जर्मनांनी दारूची पिंपं ढकलत आणून त्यांना द्यायची होती. म्हणजे एकाच पलटणीची माणसं, एकाच हिवाळ्यात, काही गुडघाभर पाण्यात आणि एक जण धुराने भरलेल्या, उबदार, गप्प दालनात. दोघांनाही पगार एकाच खात्यातून.

मला राग आला का? आला, थोडा वेळ. मग विचार केला की तो कुणावर काढायचा. सार्जंटला कुठे उभं करायचं ते सार्जंट ठरवत नाही. सैन्याला त्याचा उपयोग खंदकात होता त्याहून जास्त रिंगमध्ये होता, आणि लवकरच तो आणखी एका ठिकाणी होणार होता. पण त्याआधीची एक नोंद आहे, आणि ती वाचल्यापासून माझ्यासाठी या सगळ्या शोधाची दिशाच फिरली.

ऑगस्ट १९१३, लिव्हरपूल. बॅशमसमोर हॅरी प्राइस नावाचा दक्षिण आफ्रिकेहून आलेला बॉक्सर होता. प्राइस नॉकआउट झाला आणि त्यातून वाचला नाही. बॅशमवर मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला, पुढे तो सुटला. ग्लोव्ह्ज घालून, नियमांनुसार खेळताना झालेला मृत्यू हा गुन्हा नाही, अशी वाट कायद्याने त्याआधीच मोकळी केलेली होती. १९०१ साली त्याच नॅशनल स्पोर्टिंग क्लबमध्ये एका बॉक्सरचा जीव गेला, खटला उभा राहिला आणि ज्यूरीने प्रतिस्पर्ध्याला निर्दोष ठरवलं. क्वीन्सबरीचे नियम, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, दहापर्यंत मोजणी, हे सगळं पाळलं होतं ना? मग तो खेळ होता.

माझं काम डोक्याला मार लागलेल्या माणसांचं आहे, म्हणून या नोंदीवरून मला पुढे जाता येईना. कवटीच्या आत मेंदू घट्ट बसवलेला नसतो, तो द्रवात असतो. जबड्यावर आडवा ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं आणि मेंदू क्षणभर मागे राहतो. मेंदू आणि त्यावरचं आवरण यांच्यामध्ये बारीक शिरा ताणलेल्या असतात, त्या अशा वेळी फाटू शकतात. रक्त हळूहळू साठतं. पुष्कळदा माणूस उठतो, बोलतो, पाणी पितो, डोकं दुखतंय म्हणतो आणि तासाभराने झोपेतून उठत नाही. प्राइसच्या बाबतीत नेमकं असंच झालं, असं मी म्हणत नाही. मी म्हणते, की नॉकआउट हा शब्द कागदावर एक शब्द असतो आणि वॉर्डात त्याचे महिने होतात. बोटं उघडायला शिकवायची, घोट गिळायला शिकवायचं, पायाला जमीन ओळखायला शिकवायची. जे वाचतात त्यांच्यासाठी हे. प्राइससाठी तेही नव्हतं.

आणि त्यानंतर सोळा महिन्यांत बॅशम किताबासाठी रिंगमध्ये. त्याच्या मनात काय चाललं असेल, याविषयी मी काहीही लिहिलं तरी ती माझी कल्पना होईल. त्याच्या त्या सैल हातांकडे मात्र मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागले.

मग युद्धाने त्याला दुसरं काम दिलं. कॅप्टन लोगनच्या हाताखाली नावाजलेल्या बॉक्सरांचा एक गट सैन्यात शारीरिक शिक्षणासाठी नेमला होता. 'फेमस सिक्स' म्हणून तो ओळखला जातो. जिम ड्रिस्कॉल, जिमी वाइल्ड, बॉम्बार्डियर वेल्स, पॅट ओकीफ, डिक स्मिथ आणि जॉनी बॅशम. खाणींतून, शेतांतून, कारकुनीतून आलेल्या हजारो मुलांना अंग तापवायला लावायचं, धिटाई आणायची, आणि मुख्य म्हणजे संगिनीच्या लढाईची तयारी करून घ्यायची. हे शेवटचं मला आधी उमगेना. बॉक्सिंगचा आणि संगिनीचा काय संबंध? एकदा घरी, स्वयंपाकघरात, हातात केरसुणीचा दांडा घेऊन उभी राहिले तेव्हा उमगलं. डावा पाय पुढे. डावा हात पुढे, उजवा मागे छातीशी. वजन दोन्ही पायांवर. समोरच्याची धार बाजूला सारायची आणि त्याच झटक्यात पुढे घुसायचं. उभं राहण्याची ढब तीच, पायांची चाल तीच, सरळ डाव्या ठोशाचं अंतर तेच. फक्त मुठीच्या जागी सतरा इंची पातं. चौकटीला टांगलेल्या पेंढ्याच्या पोत्यांवर सराव चाले. रोनाल्ड कॅम्बेल नावाचे अधिकारी, स्वतः बॉक्सर, संगिनीवर व्याख्यानं देत फिरायचे, आणि ऐकणाऱ्या पोरांची झोप उडायची. ज्यांनी ती ऐकली त्यांतल्या काहींनी पुढे त्यांविषयी लिहून ठेवलं आहे.

प्रत्यक्षात त्या युद्धात संगिनीने जखमी झालेल्यांचं प्रमाण अगदी नगण्य होतं. माणसं मेली ती तोफगोळ्यांनी आणि मशीनगनने. तरी सैन्याला ही शिकवणी हवी होती, कारण दुसऱ्याच्या अंगात पातं घालण्याची मानसिक तयारी झाली की बाकी सगळं करवून घेता येतं. इथे मला थांबावं लागतं. १९१३ साली एका माणसाच्या मृत्यूबद्दल ज्याला आरोपी म्हणून उभं केलं, त्यालाच राज्यसंस्थेने पुढे युद्धात तेच अंग, तेच पाय, तोच डावा हात वापरून मारायला शिकवण्याच्या कामावर नेमलं. पहिल्या प्रसंगी एका माणसाचा मृत्यू कसा झाला, याची चौकशी झाली. दुसऱ्या प्रसंगी चौकशीचा प्रश्नच नव्हता. रेजिमेंटने युद्धात चाळीसहून जास्त बटालियन उभ्या केल्या आणि मेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या आसपास गेला. मी हे न्यायनिवाड्यासाठी लिहीत नाही. पण रेजिमेंटच्या बॉक्सिंगचा इतिहास म्हणून नुसते चषक आणि बेल्ट मांडले, तर तो इतिहास अर्ध्यावर सोडलेला असतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

तरीही बॉक्सिंग बघायला मला आवडतं. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं आहे. जुन्या बातमीपटांतले तुकडे बघताना माझे खांदे आपोआप हलतात. चांगला डावा ठोसा बसला की पोटात काहीतरी सुखावतं. समोरच्याचा वार चुकवून, इंचभराने चुकवून, माणूस जागच्या जागी परत उभा राहतो, त्यात जे सौंदर्य आहे ते मी नाकारू शकत नाही. मामाही हेच म्हणायचा, की मारण्यापेक्षा न लागू देण्यात खरी गंमत आहे. पण मग सैन्यात दुसरंही एक आहे, ज्यात ही गंमत मुद्दाम काढून टाकलेली असते. पॅराशूट रेजिमेंटच्या निवडचाचणीत आजही 'मिलिंग' असतं. हेल्मेट आणि ग्लोव्ह्ज घालून दोन उमेदवार समोरासमोर, साठ सेकंद, चुकवायचं नाही, झाकायचं नाही, फक्त मारत राहायचं. ती साठ सेकंदं मी पडद्यावर पाहिली आणि बंद करून टाकली. केरसुणीचा दांडा घेऊन मी जे समजून घेतलं होतं, ते इथे कुठलीही कला न पांघरता समोर उभं होतं.

शोधाच्या ओघात आणखी एका ठिकाणी अडखळले. पलटणीच्या बॉक्सरांपैकी कोण कुठल्या बटालियनबरोबर गेला ते बघताना आठवी बटालियन लागली. तुर्कस्तानातलं गॅलिपोली, आणि तिथून मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. १९१६ च्या वसंतात ती टायग्रिसच्या काठाने कूत गावाच्या दिशेने लढत होती, तिथला तुर्कांचा वेढा फोडायला. आणि वेढ्यात कोण होतं? सहावी पूना डिव्हिजन. एकशे सत्तेचाळीस दिवसांचा वेढा. घोडे कापून खायची वेळ आलेली, आणि आत एकशे तीन, एकशे दहा, एकशे सतरा या मराठा पलटणी. सातारा-रत्नागिरीकडची माणसं आत उपाशी आणि ज्यांना रेक्समच्या मैदानावर धावायला, ठोसा मारायला शिकवलं ती माणसं बाहेर चिखलात, मध्ये तुर्कांचे खंदक. बाहेरचे आत पोचले नाहीत. २९ एप्रिलला कूत पडलं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. इतके दिवस मी दुसऱ्यांच्या पलटणीचा इतिहास वाचते आहे असं समजत होते.

कागदांचं म्हणाल तर ते पुरेसे कधीच नसतात. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांच्या सेवानोंदी लंडनमधल्या एका गोदामात होत्या आणि सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात त्यांतल्या निम्म्याहून जास्त जळाल्या. ज्या वाचल्या त्यांची चित्रं आता पडद्यावर बघता येतात: कडा करपलेल्या भाकरीसारख्या काळ्या, पाण्याने शाई पसरलेली, एखाद्याची उंची आणि छातीचं माप उरलेलं आणि नाव गेलेलं. बेल्ट जिंकणाऱ्यांची माहिती वर्तमानपत्रांत छापून आलेली असते म्हणून ती टिकते. टॉम मॅकॉर्मिकचंच बघा. बॅशमने १९१५ च्या मे महिन्यात त्याला हरवून किताब राखला. मॅकॉर्मिक काही लहान आसामी नव्हता, त्याआधी स्वतः विजेता राहिलेला होता. तोही वर्दीतलाच, मँचेस्टर रेजिमेंटचा. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये मारला गेला. त्याचं निदान नाव दोन्हीकडे आहे, बॉक्सिंगच्या पुस्तकांत आणि युद्धाच्या यादीत. कंपनीच्या एका गुणासाठी रिंगमध्ये उतरलेल्या पोरांची नोंद जळालेल्या निम्म्यात असेल तर ती आता कुठेही नाही.

आजोबांची नोंद मिळाली. नियतकालिकाच्या मागच्या पानांत, दुसऱ्या एका बटालियनविरुद्धच्या सामन्याच्या वृत्तान्तात, एक ओळ. ते हरले होते, गुणांवर. बटालियन सामना जिंकली होती. विशेषण 'चिवट'. हे कसं सांगावं याचा मी फार विचार केला आणि शेवटी विचार सोडून जसं होतं तसं सांगितलं. नक्कल त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा वर-खाली केला, स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं आणि निकालाविषयी काहीच बोलले नाहीत. बोट शेजारच्या नावावर थांबलं. "हा!" ते म्हणाले. "लांब हातांचा. याचा डावा यायचा तो दिसायचाच नाही." आणि मग सुरू झाले. तो माणूस खेळ संपल्यावर त्यांच्या कोपऱ्यात आला, त्यांच्या भुवईवरचं रक्त स्वतःच्या टॉवेलने पुसलं, दोघांनी एकाच बाकावर बसून गोड चहा घेतला. तो कोळशाच्या खाणीतला होता, त्याला घरी धाकट्या बहिणी होत्या, तो हसला की दात झाकायचा. एवढं सगळं कुठे होतं इतके दिवस! स्वतःचा निकाल पुसला गेला होता आणि ज्याने मारलं तो नखशिखान्त शिल्लक होता. त्या दिवशी मी व्यायाम अर्ध्यावर सोडला आणि खुर्ची ओढून ऐकत बसले.

घरी येताना बसमध्ये हॅरी प्राइसची आठवण झाली. लांब हातांच्या खाणकामगाराला आजोबांनी जपून ठेवलं आहे. प्राइसला कोण ओळखतं? रेजिमेंटच्या कागदांत तो नाही. असण्याचं कारणही नाही, तो त्यांचा माणूस नव्हता. बॅशमच्या प्रत्येक चरित्रात तो येतो, एका वाक्यापुरता, बॅशमवर आलेलं संकट म्हणून. बॅशमचं पुढचं आयुष्य लिहिलेलं आहे. १९२० साली टेड 'किड' लुईसने त्याचा किताब घेतला, १९४७ मध्ये तो न्यूपोर्टला वारला. प्राइसच्या बाबतीत माझ्यापाशी देश आणि नाव आहे. तो इतक्या दूर कुणाच्या भरवशावर आला, त्याची राहायची जागा कुठे होती, त्या रात्री त्याच्या कोपऱ्यात कोण होतं, त्याच्या घरी कुणी आणि कसं कळवलं, तो पुरला गेला तो कुठे आणि खर्च कुणी केला, हे मला हवं आहे. लिव्हरपूलच्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्या उन्हाळ्याची स्थानिक वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर आहेत. अशा मृत्यूची कोरोनरपुढची चौकशी तेव्हा सविस्तर छापून येत असे, साक्षीदारांची नावं आणि डॉक्टरांचं म्हणणं यांसकट. पुढच्या सुट्टीत तिथे जायचं आहे. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, दफनभूमीच्या नोंदवह्याही बघ, वर्तमानपत्रवाले आठवडाभराने विसरतात.